गणपतीच्या नावाची गाडी

१

चोरीचा आळ घेऊन कुणी आलं की आधी त्याला पाणी द्यायचं आणि तो ते कसं पितो ते बघायचं, ही रजनीताई चिंचोळकरांची जुनी खोड. पुसदच्या कोर्टात त्यांची उभी हयात वाटण्या आणि धुऱ्याची, म्हणजे शेताच्या बांधाची, भांडणं लढण्यात गेली होती. खरा चोर पाणी घटाघट पितो, असा त्यांचा अनुभव. समोर बसलेल्या पियूष गावंडेनं पेला हातात घेतला आणि तसाच धरून बसला.

"पी ना रे," ताई म्हणाल्या.

"ताई, आधी हे वाचा." त्यानं नोटीस पुढे सरकवली. "माहंच लेकरू कडेवर घेऊन मलेच म्हणून राह्यले, हे तुह्यं नाही."

नोटीस अमरावतीच्या एका कंपनीच्या वकिलानं धाडलेली होती. पियूष गावंडे हा इसम 'सरकी' नावाचा जो कॉम्प्युटर प्रोग्राम कापसाच्या जिनिंगवाल्यांना विकतो, तो आमच्या प्रोग्रामची चोरलेली नक्कल आहे; ताबडतोब बंद करावा, नाहीतर पोलिसांत जाऊ, असा एकंदर सूर होता.

रजनीताईंना कॉम्प्युटरमधलं ओ का ठो कळत नव्हतं. पण 'सरकी' त्यांना ऐकून ठाऊक होता. त्या वर्षांत जिल्ह्यात कापसाचे हाल कुत्रा खाईना. सरकारी खरेदी रडतखडत चाललेली, टीव्हीवाले गाड्या घेऊन गावोगाव फिरत होते, आणि खासगी जिनिंगच्या काट्यावर कुणाचा म्हणून विश्वास उरला नव्हता. ओलीच्या नावानं, पाल्या-कचऱ्याच्या नावानं वजनातून जो कडता कापायचे, तो नेमका किती कापला हे शेतकऱ्याला कधी समजायचंच नाही. पियूषच्या प्रोग्राममधून निघणाऱ्या पावतीवर ते स्वच्छ लिहून यायचं. पुण्याची नोकरी सोडून, बापाच्या आजारपणात घरी येऊन या पोरानं एकट्यानं बसून ते केलं होतं. एवढं एकच काम त्याच्या नावावर होतं, आणि तेच जायची वेळ आली होती.

"तुझ्याकडे मूळ प्रोग्राम असेल ना? दाखवू तो."

"माह्याकडे हाये, तसा त्यायच्याकडेही हाये. त्यायनं वरचं नाव तेवढं बदललं. अन् कॉम्प्युटरातली तारीख कोणीही मागंपुढं करू शकते, ताई. करारनामा नाही, नोंदणी नाही. आपल्या इकडं कोण करते?"

"कुणाकुणाच्या हाती लागला असेल?"

पियूष बोटांवर मोजू लागला. "एक देवीलालजी राठोड, दिग्रस रोडचे जिनिंगवाले. दुसरे राळेगावचे बापूजी ठाकरे. दोघायच्याही जिनिंगात मी बसवून देल्ला. बापूजीचं तर माह्याशी वाजलंच होतं. त्यायचं म्हणणं, मलेच एकट्याले दे, दुसऱ्या कोणाले देऊ नको."

"आणि तिसरा?"

 त्यानं पाणी न पिताच पेला खाली ठेवला.

"आयुष. माहा जिगरी दोस्त. सुरुवातीले आमी एकाच खोलीत राहत होतो, माहा कॉम्प्युटर तोच वापरे. आता तो अमरावतीले नोकरीले हाये." त्यानं नोटिशीवर बोट ठेवलं. "याच कंपनीत."

२

आयुषचं नाव ऐकून दुसऱ्या एखाद्या वकिलानं वही मिटली असती. रजनीताईंना मात्र इतकं सरळ काही दिसलं की हटकून संशय यायचा. धुरा कोरणारा शेजारी कधीच आपल्या बाजूनं कोरत नाही, हे त्यांनी नको तितक्या वेळा पाहिलं होतं.

त्या आधी देवीलालजींकडे गेल्या. देवीलाल राठोड हा उमदा माणूस. बाप गाडीवान होता, पोरगा जिनिंगचा मालक झाला, पण बोलण्यात मालकी कधी आली नाही. ऑफिसात बापाचा हार घातलेला फोटो होता, बैलगाडीच्या जुवाला टेकून उभा असलेला. बाहेर नवाकोरा इलेक्ट्रॉनिक काटा, त्यावर दोन राघूंचं हिरवं चित्र. आत कॉम्प्युटरसमोर एक नवखा माणूस एका बोटानं एकेक अक्षर शोधत होता.

"हा कोण? इथं तर तुमची लेक निकिता बसायची ना?" ताईंनी विचारलं.

"तिचं लगन झालं न बाई उन्हाळ्यात." देवीलालजींचा चेहरा खुलला आणि लगेच कसनुसा झाला. "तिच्या हाताखाली हे मशीन कसं नाचे! आता पाहा, रडून राह्यलं."

"काटा झकास आहे."

"व्याह्यायनं देल्ला. चहा घ्या न बाई, थंडा होते."

ताईंनी नोटिशीचा विषय काढला. हा प्रोग्राम पियूषचा, त्यानंच तो तुमच्या डोळ्यांदेखत तुमच्या कॉम्प्युटरवर बसवून दिला, एवढंच लेखी द्या, म्हणाल्या. याच देवीलालजींनी पियूषचं कौतुक गावभर केलं होतं. आता ते खिडकीबाहेर रुईच्या गंजीकडे बघत राहिले.

"बाई, मले त्या भानगडीत नका पाडू. मले त्यातलं काही समजत नाही."

"खरं तेवढंच लिहा. त्यात समजायचं काय?"

"मी हात जोडतो," देवीलालजी म्हणाले, आणि त्यांनी खरंच हात जोडले. 

३

बापूजी ठाकऱ्यांनी फोनवरच ताईंना फैलावर घेतलं. "मी कायले चोरू? मले तो प्रोग्राम दुसऱ्या कोणाजवळ नको होता, अन् मीच नेऊन वाटू काय बाप्पा? अन् माह्यावाल्यात तर अवसेचं लफडं हाये. अवसेले आमची खरेदी बंद राह्यते, तं त्या पोट्ट्यानं असं करून देल्लं का त्या दिवशी मशीन गाडीच घेत नाही. तसा प्रोग्राम कोणाच्या कामाचा?"

यात तथ्य होतं. ताईंनी ते मनात टिपून ठेवलं.

आयुषला फोन लावायचा म्हटल्यावर पियूष उठून खिडकीशी गेला. नोटीस आल्यापासून आयुषचे कितीतरी फोन आले होते, यानं एकही उचलला नव्हता.

"मी काही सांगू शकत नाही, ताई," पलीकडून आयुष हळू आवाजात म्हणाला. आसपास माणसं असावीत. "नोकरी हाये माही. पियूष हाये का तिथं?"

"आहे."

"त्याले म्हणा..." तो अडखळला. "नाही, काही नका म्हणू. तुमी एक करा. महागावच्या जिनिंगमध्ये आमच्या कंपनीचा प्रोग्राम लागला हाये. तिथं सकाळी जा. पहिली गाडी काट्यावर यायच्या आधी जा. मंग जाऊन काही फायदा नाही."

फोन कट झाला.

"पाह्यलं? काही सांगत नाही म्हणे!" पियूष उसळला. "चोराच्या मनात चांदणं."

"अरे, तो सांगून मोकळा झाला," ताई म्हणाल्या. "आपल्याला बघून यायचं आहे."

४

सकाळच्या एसटीनं दोघं महागावला उतरली. जिनिंगच्या फाटकाबाहेर गाड्या लागलेल्या, बैल मान हलवत उभे, कापसावर दव पडलेलं. कापूस विकायचा आहे, भाव विचारायला आलो, असं ताईंनी बेधडक ठोकून दिलं. वकिलीत एवढं चालतं, अशी त्यांची समजूत होती.

काट्यावरचा अवधूत मोठा बोलका गृहस्थ निघाला. कॉम्प्युटर सुरू झाला तसे पडद्यावर दोन हिरवे राघू उमटले आणि खाली अमरावतीच्या कंपनीचं नाव आलं. ताईंनी डोळे बारीक केले. हे राघू आपण कुठेतरी पाहिलेत, हे कळलं. पण कुठे, ते तेव्हा ध्यानात येईना.

बाहेरचा पहिला गाडीवान बैल पुढे घेणार, तोच अवधूतनं त्याला हातानं थांबवलं. कोपऱ्यातलं कापसाचं एक बोचकं उचलून त्यानं काट्यावर ठेवलं. बोचक्यावर नारळ ठेवला, फूल ठेवलं. मग मशीनवर नाव टाकलं: गणपती. वजन घेतलं, पावती काढली, हात जोडले. नारळ खाली, बोचकं परत कोपऱ्यात.

"ही कोणती पूजा?" ताईंनी विचारलं.

"काय सांगू, बाई!" अवधूत हसला. "हे मशीन रोजच्या पहिल्या गाडीले चुकते. तिचा कडताच कापत नाही. दुसरीपासून बराबर. कंपनीले लय फोन केले. ते म्हणे, तसंच असते. मंग आमचे मालक म्हणाले, मशीनच्या मनात पहिला मान देवाचा असन. तवापासून पहिली गाडी गणपतीची. आता बराबर चालते."

"आणि अमावस्येला? घेते का गाड्या?"

"घेते न. तिले काय अवस अन् काय पुनव!"

ताई वळल्या तर पियूष भिंतीला टेकून उभा होता. त्याचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"ताई," तो म्हणाला, "ही चूक नाही. हे मी केलं हाये."

५

परतीच्या एसटीत ताईंनी त्याला एक शब्द बोलू दिला नाही. ऑफिसात आल्यावर दार लावून घेतलं.

"आता सांग."

"देवीलालजीचा बाप गाडीवान होता न," पियूष सांगू लागला. "तो थंडीत रातभर फाटकाशी गाडी लावून बसे, सकाळी पहिला नंबर लागावा म्हणून. अन् काट्यावर गेलं का मालक त्याचा सगळ्यात जास्त कडता कापे, कारण रातभराच्या दवानं कापूस ओला. देवीलालजीच्या मनात ते सलत होतं. ते म्हणाले, माह्या जिनिंगात पहिल्या गाडीचा कडता कापायचा नाही. मंग मी तसं करून देल्लं. फक्त त्यायलेच. त्यायच्याच कॉम्प्युटरवर बसून लिव्हलं. घरच्या प्रतीत ते नाही, राळेगावच्या प्रतीत नाही."

"तेव्हा आयुष कुठे होता?"

पियूषनं खाली बघितलं. "अमरावतीले गेलता. तवा तो माह्या खोलीत नव्हताच."

"म्हणजे आयुषनं नेला असता तर महागावात पहिल्या गाडीचा कडता कापला गेला असता. बापूजीकडून गेला असता तर अवसेला मशीन अडलं असतं. तो गेला देवीलालजींच्या घरातून. आणि कंपनीला मात्र आपलाच प्रोग्राम असा का वागतो ते ठाऊक नाही. ज्यानं लिहिलं त्याला का ते ठाऊक असतं. ज्यानं उचललं त्याला ती चूक वाटते."

"पण देवीलालजी काहून देतीन? ते मले पोरासारखं मानते."

"देवीलालजींनी दिला नाही." राघू कुठे पाहिले ते ताईंना एव्हाना आठवलं होतं. "त्यांच्या नव्या काट्यावर तेच हिरवे राघू आहेत. काटा व्याह्यांनी दिला. हा प्रोग्राम त्या घरात नाचवायचं कोण? आता ती पोरगी कुठे आहे?"

पियूष एकदम उठला. निकिता अमरावतीला दिली एवढं त्याला ठाऊक होतं; सासऱ्यांची कंपनी कोणती, हे त्यानं कधी विचारलंच नव्हतं. त्यानं आधी आयुषला फोन लावला. तो काय बोलला ते ताईंनी ऐकलं नाही; त्या मुद्दाम आतल्या खोलीत जाऊन चहा करत बसल्या. बाहेर आल्या तेव्हा पोराचे डोळे लाल होते आणि चेहरा बऱ्याच दिवसांनी माणसात आलेला होता.

त्याच दुपारी देवीलालजींनी सगळं कबूल केलं. निकितानं लग्नात नेलेल्या सामानात प्रोग्रामची एक सीडी होती. सासरी अमरावतीला वजनकाट्यांचा नि कॉम्प्युटरचा धंदा. तिनं तिथं तो चालवून दाखवला, सगळे खूश झाले. सासऱ्यानं त्यावर आपलं नाव टाकलं आणि विकायला काढला. नोटीस आल्याचं कळलं तेव्हा देवीलालजींच्या तोंडचं पाणी पळालं.

"बाई, पोरगी देल्लेलं घर हाये ते," ते म्हणाले. "पियूषचं मी भरून देतो, पाहिजे ते देतो. पण माह्या पोरीचं नाव नका घेऊ. तिले त्या घरात जिंदगी काढायची हाये."

रजनीताईंनी त्यांना शब्द दिला. आणि दिल्यावर त्यांच्या लक्षात आलं, की निकिताचं नाव न घेता प्रोग्राम या घरातून त्या घरात गेला कसा, हे सांगताच येणार नाही.

६

शंकरसिंग पवार, म्हणजे निकिताचे सासरे, पुढच्या आठवड्यात आपल्या वकिलाला घेऊन पुसदला आले. ताईंनीच बोलावलं होतं, कोर्टाआधी एकदा समोरासमोर बसू म्हणून. इथूनच माहेरी जायचं म्हणून निकिताही सोबत आली होती. ती कोपऱ्यात बसली, डोक्यावरून पदर घेऊन. देवीलालजी तिच्याकडे बघत नव्हते.

शंकरसिंग धिप्पाड, मिशाळ आणि मनापासून रागावलेले होते. ताईंना वाटलं होतं, एखादा बेरकी माणूस येईल. हा तर स्वतःला फसवला गेलेला समजत होता!

"आमच्या व्याह्यायनं पैसे देऊन बनवून घेतलेली वस्तू," ते गरजले, "हा पोट्टा साऱ्या जिल्ह्यात विकून राह्यला. मंग चोर कोण?"

"तुमच्या व्याह्यांची होती तर ती तुमची कशी झाली?" ताईंनी शांतपणे विचारलं.

"सून माहेराहून जे आणते ते घरचंच असते न, बाई!"

ताईंनी नागपूरच्या आपल्या वर्गमित्राकडून कॉपीराइटच्या कायद्याची दोन दिवस शिकवणी घेतली होती. "भांडं आणलं तर भांडं घरचं," त्या म्हणाल्या. "पण प्रोग्राम म्हणजे कायद्याच्या लेखी लिखाण आहे. ज्यानं लिहिलं त्याचं, लिहिलं त्या क्षणापासून. नोंदणी असो नसो. पियूष देवीलालजींचा नोकर असता तर गोष्ट वेगळी. तो नोकर नव्हता, आणि हक्क लिहूनही दिला नव्हता. देवीलालजींनी वापरायची एक प्रत घेतली. पोथी विकत घेतली म्हणून कुणी ती आपल्या नावानं छापत नाही."

"अन् यानंच लिव्हलं हे कशावरून?"

"तुमचा प्रोग्राम रोजच्या पहिल्या गाडीचा कडता का कापत नाही?"

शंकरसिंगांनी आपल्या वकिलाकडे पाहिलं. वकिलानं कागद चाळले. "मशीनचा फॉल्ट हाये काही," शंकरसिंग म्हणाले. "आमचे पोरं पाहून राह्यले."

पियूषनं सगळं सांगितलं. देवीलालजींचा बाप, थंडी, दव, पहिला नंबर. शंकरसिंगांनी ऐकून घेतलं आणि मान हलवली. "गोष्ट बनवाले काय लागते? व्याहीबुवा, तुमी सांगा. हे खरं हाये?"

देवीलालजींनी तेव्हा पहिल्यांदा पोरीकडे पाहिलं.  खरं म्हणावं तर आणणारीनं ते का लपवलं, हा पुढचा प्रश्न उभाच होता.  दिलेल्या शब्दाचा ताईंना जन्मात एवढा पश्चात्ताप झाला नव्हता. पियूष त्या म्हाताऱ्याकडे बघत होता आणि त्यालाही, एवढं सगळं पणाला लागलेलं असताना, ते बघवत नव्हतं.

"जाऊ द्या, काकाजी," तो म्हणाला. "नका सांगू."

"माह्या बापूले काहून इचारता?"

निकिता उठून उभी राहिली होती. पदर तसाच होता, आवाज मात्र अख्ख्या खोलीला ऐकू जाईल असा.

"मी नेलं, मामाजी. अन् ते पियूषदादानंच लिव्हलं. माह्यासमोर लिव्हलं. मी बाजूले बसून गाड्यायचे आकडे सांगत होती. बापूनं पहिल्या गाडीचं सांगतलं तवा दादा म्हणाला, काकाजी, तुमचं नुकसान होईन. बापू म्हणाले, होऊ दे."

"निकिता!" देवीलालजी कळवळले.

"मंग तू मले आधी काहून नाही सांगतलं?" शंकरसिंगांचा आवाज खाली आला होता, आणि तो जास्त भीती घालणारा होता.

"सांगणार होती." तिनं पदर सावरला. "पण माहेराहून मी काय आणलं ते पाहून सारे पहिल्यांदाच खूश झालते. तुमी चार लोकात म्हणाले, माही सून कॉम्प्युटरवाली हाये. मंग तुमी त्याच्यावर आपलं नाव टाकलं. तवा बोलली असती तं तुमची मान खाली गेली असती. मी गप बसली. दादावर पोलीस येतीन असं मले वाटलंच नव्हतं."

बाहेर रस्त्यावर कुणीतरी ऑटोवाल्याशी भांडत होतं, ते सगळं आत ऐकू येत होतं. शंकरसिंगांनी रुमालानं तोंड पुसलं. मग ते वकिलाकडे वळले.

"नोटीस वापस घ्या."

"पण साहेब..."

"घ्या म्हणतो न." ते पियूषकडे वळले. "तुमाले काय पाहिजे?"

पियूषनं मनात बरंच काही जुळवून आणलं होतं. ऐनवेळी त्याला एकच आठवलं. "माहं नाव," तो म्हणाला. "तुमी विकलेल्या प्रत्येक मशीनवर. बाकीचं ताई ठरवतीन."

"बराबर हाये," शंकरसिंग म्हणाले, आणि उठले. त्यांच्यासारख्या माणसाला तेवढं म्हणणं किती जड गेलं, ते ताईंना दिसलं आणि त्यांच्याबद्दलचा राग बराचसा ओसरला.

देवीलालजी हात जोडून वाटेत उभे राहिले. "व्याहीबुवा, पोरीवर राग धरू नका. लहान हाये. म्हणत असान तं काही दिवस माह्याकडे ठेवतो, तुमचा राग शांत होईपर्यंत..."

निकिता जागची हलली नव्हती. आपल्याला इकडे राहायचं की तिकडे जायचं, ते तिला कळत नव्हतं.

"माह्या ऑफिसात इतके लोक माह्या पगारावर हायेत," शंकरसिंग म्हणाले. "त्यातल्या एकाची हिंमत झाली नाही मले सांगायची, का मालक, हे आपलं नाही. हिनं भर सभेत सांगतलं. हिले तुमच्याकडे ठेवून मी काय त्या मुक्यायले घेऊन धंदा करू?" त्यांनी दार उघडून धरलं. "चाल, बेटा. घरी तुही सासू वाट पाहून राह्यली. माहेरी पुढच्या हप्त्यात मी सोता आणून घालतो."

ती त्यांच्या पुढून बाहेर पडली, आणि देवीलालजी खुर्चीत बसून लहान पोरासारखे रडले.